अजून एक डाव इचाराले काय झालं होतं?

...मंग मी उपाशी नाही राहीन त काय होईन, तुमीच सांगा बाया हो! जर्मनीत पयलाच दिवस, म्हाताऱ्याइच्या आश्रमात नर्स म्हनून रुजू झाली. दहा महिने अमरावतीत खोली करून ते भाषा घोकली, क्रियापद कुठी, कर्ता कुठी, समदं पाठ... आन् एवढी एक गोष्ट कोनं शिकवली नाही. हेडनर्स केलरबाई केक घेऊन आली, म्हने, घेतं काय? आता आपन अमरावतीजवळच्या भातकुली गावचे. पयल्याच डावात कोनी हो म्हनते काय? मी म्हनलं, नाही जी, राहू द्या. बस, केक पुढं गेला. मी त्या केकाच्या मांगं पाहून राहिली, आता वापस येईन, मंग येईन... आला नाही बाप्पा. अवो, अजून एक डाव इचारलं असतं त जीभ झिजली असती काय?

आपल्या घरी पाव्हना दोन डाव नाही म्हनते, तिसऱ्या डावात ताट सरकवते. माही सासू दुर्गाबाई त हात आडवा धरला तरी बोटाइच्या फटीतून वरन ओतते! तेथी नाही म्हनजे नाही. थंडीत हाडं वाजून राहिले, संगची मारिया म्हने, माहा जुना कोट देऊ काय? मी म्हनलं, कशाले तरास... तिनं कोट कपाटात टांगला. एक नव्वदीचा बुढा चॉकलेटचा डबा पुढं करे, मी मान हलवली, त त्यानं डबा बंद करून उशीखाली ठेवला. अजून एक डाव इचारलं असतं त काय बिघडत होतं बुढ्याचं?

पन माहा जीव कशात होता, ते सांगते. नवरा माहा, नितेश, इथी ब्याग भरून बसलेला. कायमची जागा भेटली की त्याले आनता येईन, असं एजंटानं सांगतलं होतं. रोज फोनवर त्याचं एकच, "झालं काय व?" सहा महिन्यानं केलरबाईनं बलावलं, म्हने, "कायमची जागा एकच हाय. तुले देऊ, की मारियाले?" मनात होतं, मलेच द्या, आन् तोंडातून काय निंगालं? "द्या ना तिलेच, माहं काय..." मले वाटलं, आता म्हनन, अवो असं कसं, तुयाबिगर कोन हाय? तिनं पेन काढला, मारियाचं नाव लिवलं. संडासात जाऊन रडली मी. खरंच रडली.

मंग कानाले खडा लावला. काही इचारो, पयले हो. एक डाव त बाईचं वाक्य पुरं व्हायच्या आंधीच हो म्हनलं, मंग समजलं, रविवारची ज्यादा ड्युटी होती. केली, काय करता! पन वरसानं दुसरी जागा निंगाली, हो म्हनलं, आन् नोकरी कायम झाली.

आता सुटीत घरी आली, त सासूनं इचारलं, चहा मांडू काय व? मी म्हनलं, हो. शेजारची चंदाबाई हळूच म्हने, भल्ली हावरी झाली व पोरगी तिकडं. म्हनू द्या. मंग नितेशले इचारलं, "तुये कागदं भरू काय, येतं ना?" तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हने, "राहू दे व, माहं काय काम तेथी?" मी म्हनलं, बरं. फाईल बंद केली.

चार दिवस झाले, मानूस बोलत नाही. ब्याग तशीच भरलेली हाय त्याची. उद्या मी चालली. आन् आज सकाळी सैपाकघरातून आयकलं, मायले सांगून राहिला, "अजून एक डाव इचारलं असतं त जीभ झिजली असती काय तिची?"

अस्सं हाय काय! हातचं पीठ झटकलं, बाहीर गेली, दुसऱ्यांदा इचारलं. त मान फिरवून म्हने, "नाही, आता राहूच दे."

चला बाया हो, उठते मी... तिसरा डाव बाकी हाय.