पाय पुसायचे राहिले

मातीच्या मूर्तींची भट्टी निवेपर्यंत दुमेझवेनी शेडच्या भिंतीला टेकून बसला होता. पलीकडे दोघी बोलत होत्या.

"मा-झुंगू, माझ्या गिनीकोंबडीचे पाय पुसायचे राहिले वाटतं."

"वाटतं, की राहिले?"

"राहिले. शेवटची टॅक्सी सुटत होती."

"अगं थोको, पायाची झिलई वितळून खाली ओघळते! भट्टीत तिच्या खालच्या फळीवर काय ठेवलंय माहितेय?"

"काय?"

"नोमाखोसीचा करकोचा. झिलई दिली आणि तिसऱ्या दिवशी गेली बिचारी. नवऱ्यानं त्या करकोच्यासाठी बागेत जागासुद्धा करून ठेवलीय."

"अगं बाई! आता त्या म्हाताऱ्याला काय सांगू?"

"म्हातारा म्हणालीस, तर काठी घेऊन येईल."

"काठी परवडली. रडला तर काय करू?"

भट्टी उघडली तेव्हा दुमेझवेनी त्यांच्या मागेच उभा होता. करकोचा शाबूत होता, पण त्याच्या निळ्या पाठीवर हिरवा ओघळ गोठला होता.

"बाबा, मी घासून काढते."

"राहू दे. नोमाखोसीही पाय पुसायला विसरायची. मागून मी पुसायचो." त्यानं करकोचा उचलला. "काल भट्टी भरताना इथंच तर बसलो होतो. हाक मारायचीस."