नव्या जहाजाला रोटर कशाला

अवंतिका : आणि हे काय घातलंयस यादीत? मिक्सरच्या मोटारी, दोन?

उन्मेष : जहाजावरच्या स्वयंपाकघरातला मिक्सर हाय तो. कुक त्यात चटणी वाटतो. इंजिन बंद पडलं तर माणसं दम धरतात, चटणी बंद पडली तर दंगा होतोय.

अवंतिका : एकच मिळंल.

उन्मेष : उपकार झाले, मॅडम. बायको कंपनीच्या ऑफिसात स्पेअर पार्टचं बघते, म्हणून मला वाटलं चीफ इंजिनियरची जरा वट असंल.

अवंतिका : उलटं हाय. बाकीच्या चीफ लोकांच्या यादीला मी कात्री लावतो, तुझ्या यादीला कोयता. उद्या कुणी म्हणायला नको, नवऱ्याच्या जहाजाला भरभरून दिलं.

आक्का : चा घ्या आधी. आणि काय रं उन्मेष, जहाज नवं कोरं म्हणतोस, मग त्याला जादाचं सामान कशाला? आपली गाडी घेतली तवा एक स्टेपनी दिली, झालं.

अवंतिका : आक्का, सकाळपास्नं हेच सांगतोय तुमच्या लेकाला. जहाज बांधणारे कोरियावाले वर्षभराची गॅरंटी देतात, मोडलं तर फुकट देणार. बजेट ठरलेलं हाय, आणि ह्याला टर्बोचा अख्खा रोटर पायजे. इंजिनाला हवा पुरवणारं चाक ते. आख्ख्या यादीत त्याच्याएवढं महाग काय न्हाई.

उन्मेष : फुकट देतील की. कुठं देतील ते विचार.

अवंतिका : कुठं?

उन्मेष : कोरियात. आणि आम्ही आफ्रिकेच्या खाली. इंजिनाला दम न्हाई, जहाज रांगत कुठल्यातरी बंदराला लावायचं आणि खोकं कधी येतंय बघत बसायचं.

अवंतिका : बसा की. पगार चालूच असतोय.

उन्मेष : मागं पण चालू हुता.

आक्का : मागं म्हंजे, अदिती झाली तवा?

उन्मेष : तेव्हाच. ते पण नवं जहाज, गॅरंटीतलं.

अवंतिका : तू इंजिन बिघडलंय, एवढंच म्हणालतास.

उन्मेष : तू ओली बाळंतीण. तुला काय टर्बो समजावत बसू? रोटर गेलता. इंजिन उघडून ठेवल्यावर मला घरी सोडतंय कोण?

अवंतिका : म्हणजे त्या जहाजाचा रोटर आमच्याच ऑफिसात कुणीतरी कापला असणार.

उन्मेष : कापला असंल. गॅरंटी हाय म्हणून.

आक्का : बारशाला फोनातच दिसलास. पोरगी फोन चाटत हुती, आणि मी पावण्यांस्नी सांगत हुतो, ह्यो तिचा बाप.

अवंतिका : आणि आता मार्चात परत तेच.

उन्मेष : फेब्रुवारीत मी जहाजावरनं उतरणार, मार्चात तुझी तारीख. मधी खोक्याची वाट बघायला जागा न्हाई, अवंतिका.

अवंतिका : मग सकाळीच सांगायचं न्हाईस? चटणीच्या गोष्टी सांगत बसलायस.

उन्मेष : सांगितलं असतं तर बायको म्हणून दिलं असतंस. न्हाईतर बायको म्हणूनच कापलं असतंस. तुझा नेम न्हाई.

अवंतिका : (लॅपटॉप पुढं ओढत) कारण काय लिहू?

आक्का : लिही की, बाळंतपणाला बाप पायजे.

अवंतिका : ते ऑफिसात चालत न्हाई, आक्का. जहाज थांबलं की रोजचं भाडं बुडतंय, हे चालतंय.

आक्का : मग त्ये लिही. खोटं न्हाई न्हवं?

अवंतिका : न्हाई, खरंच हाय. पण रोटर बजेटात बसवायला बाकीचं काढावं लागंल. पंपाचं जादा सामान गेलं. रंगाचे डबे निम्मे. आणि मिक्सरची मोटार.

उन्मेष : ती एकच तर उरलीवती.

अवंतिका : पाटा-वरवंटा घेऊन जा. हं, लिहिलं. पण मंजुरी वरच्या साहेबांची, माझी न्हाई.

उन्मेष : त्यांनी कापलं तर?

अवंतिका : म्हणूनच मी आत्तापास्नं धरून चालतो, तू येणार न्हाईस म्हणून. मागच्या खेपेला रोज दाराकडं बघायचो. तसलं परत होणार न्हाई माझ्यानं.

उन्मेष : तसं नको धरूस.

अवंतिका : का? तुला काय फरक पडतोय तिकडं?

उन्मेष : पडतोय. तू वाट बघ. मला तेवढं लागतंय.