शिंप्याच्या घरी न्यायचा शब्द

(मंगरूळपीरची वाट. बैलगाडीत बंजारा तांड्यावरची मोतीबाई आणि गाडी हाकणारा तिचा मुलगा फुलसिंग.)

मोतीबाई : पुन्हा एकडाव म्हण बरं. काय ते?

फुलसिंग : सॉरी.

मोतीबाई : एवढंच?

फुलसिंग : एवढंच, याडी. लय दुःख झालं असन तर आधी 'व्हेरी' लावा लागते.

मोतीबाई : अन् दिलावरभाऊसारखा माणूस गेला, त्याले हे पुरते?

फुलसिंग : पुरते. अकोल्याच्या कचेरीत आमचे मोठे साहेब वारले, तवा सारे कारकून त्याईच्या बाईसमोर एकेक करून गेले अन् हेच म्हणाले. कोणी रडलं नाई, ओरडलं नाई. मले लय साजरं वाटलं ते.

मोतीबाई : दुसऱ्या कशाले नाई ना म्हणत हे?

फुलसिंग : म्हणतात ना. कोणाले धक्का लागला, पायावर पाय पडला, तरी सॉरीच.

मोतीबाई : अरे वा! एवढं मोठं राज्य इंग्रजायचं, अन् मेल्या माणसासाठी एक वेगळा शब्द नाई? बैलाकडं पाह्य, गाडी बांधाकडं ओढून राह्यला.

फुलसिंग : हात्! … याडी, एक सांगतो, राग नको धरू. तठी गेल्यावर गळा काढू नको.

मोतीबाई : काहून? आपल्या तांड्यात बाईले बाई भेटली का गळ्यात पडून रडतेच. खुशीतही रडते. दिलावरभाऊच्या बायकोले, सुलतानले, मी दरवेळा अशीच भेटत आली. तू पास झाला तवा नाई का रडलो आमी दोघी, बजारातले लोक दारात गोळा झालते!

फुलसिंग : तवाची गोष्ट वेगळी. चाची आता इद्दतीत हाय. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या माणसासमोर येत नाईत त्याईच्यात. अन् मेल्या माणसावर आक्रोश करत नाईत, सबर करतात. आपण तठी गोंधळ केला अन् चाचीले वाईट वाटलं तर?

मोतीबाई : सुलतानले? माहं रडणं वाईट वाटन?

फुलसिंग : मले भेव वाटते, याडी. चाचा होता तवर मी त्या घरचा होतो. नातं नाई, रगत नाई. आता तिनं म्हटलं, 'कोण फुलसिंग?' तर मी काय दाखवू? मले ते दार पाह्यजे. तेवढं एक दार गेलं तर मंगरूळात माहं कोणी नाई.

मोतीबाई : बरं बाबा. तोंडात पदर कोंबून बसीन. तू म्हण तुहं ते इंग्रजी.

(मंगरूळपीर. दिलावर शिंप्याचं दुकान. शिलाई मशीनवर चादर टाकलेली. दुकानातून घरात जायच्या दाराला पडदा.)

फुलसिंग : सलाम, चाची. मी फुलसिंग. याडी हाय संगं.

सुलतानबी : आला का बेटा? ये मोती, तू आत ये, पडद्याच्या आत. फुल्या, तुले मात्र तठीच बसा लागते आता. मशीनपाशी तुही जागा हाय तशीच हाय.

फुलसिंग : चाची… सॉरी. व्हेरी सॉरी.

सुलतानबी : काय म्हणते हा, मोती? … मोती?

फुलसिंग : इंग्रजी हाय, चाची. कोणाच्या घरचं माणूस गेलं अन् आपल्याले त्याचं दुःख झालं, तर साहेब लोक असं म्हणतात.

सुलतानबी : असन, बेटा. चांगलंच असन. येणारे सारे चांगलंच बोलले. सबर कर म्हणाले, मी सबर केला. एवढा केला का डोळ्यातून टिपूस नाई आलं अजून. उरात गोटा बसला हाय. … मोती, तू कायले अशी मुक्यावानी? तोंडात पदर काहून कोंबला? तू तर दारातूनच गळा काढते.

मोतीबाई : पोरानं मना केलं.

फुलसिंग : चाची, मले वाटलं तुमच्याइच्यात…

सुलतानबी : आमच्याइच्यात मले मना हाय. तिले कोणं मना केलं? मोहल्ल्यातल्या बाया गेल्या, घरात कोणी नाई. रड मोती. तुह्या रीतीनं रड. मी ऐकतो.

मोतीबाई : अवं माह्या बईनी वं! तांड्यातून पोरगं आणलं मी वं, अंगात सदरा नाई, तोंडात मराठी नाई… माह्या भावानं जात नाई पुसली वं, गाव नाई पुसलं, मशीनवरून उठला अन् पोराचं माप घेतलं वं! ईदीचे कपडे पडून राह्यले, शाळेचा सदरा आधी शिवला वं! त्याले सोताले अक्षर येत नव्हतं, तरी पाय मशीनवर अन् कान पोराच्या वाचण्यावर वं… पोरगं अडलं का मशीन थांबे वं, पोरगं अडलं का मशीन थांबे… आता कोणाची मशीन थांबन वं माह्या बईनी!

सुलतानबी : थांबे… थांबेच तो. मी चुलीपाशी असो, मले आवाज बंद झालेला समजे. म्हणे, 'सुलतान, चूप राय, पोरगं अडलं.' कोणता शब्द ते त्याले काय समजे! पण पोरगं पुढं गेल्याबिगर पाय हलवत नसे… हाय अल्ला. मोती, धर मले. धर.

मोतीबाई : धरलं बईनी. येऊ दे. येऊ दे सारं.

फुलसिंग : चाची…

सुलतानबी : रडू दे मले, बेटा.

फुलसिंग : चाची, मी अडलो.

सुलतानबी : … ऐकू येऊन राह्यलं मले. दिसत नाई, पण ऐकू येते. रड तूही. माह्या घरचा पोरगा तू, तुह्याबिगर कोण रडन त्याच्यासाठी?

मोतीबाई : ऐकलं का रे फुल्या? आता पूस डोळे.

सुलतानबी : पुसू नको देऊ त्याले. … फुल्या, तो शब्द कोणता होता तुहा?

फुलसिंग : राहू द्या, चाची. कामाचा नाई तो.

सुलतानबी : राहू कायले देऊ? तू नवा शब्द शिकला का तुहा चाचा गिऱ्हाइकायसमोर तुले उभं करून म्हणवून घे. समजे काई नाई, पण छाती अशी फुगे का बटन तुटन. म्हण.

फुलसिंग : सॉरी, चाची.

सुलतानबी : मले नको सांगू. मशीनकडं तोंड कर, अन् मोठ्यानं म्हण.