हलके पाय

प्लास्टरच्या खोलीबाहेर आपला नंबर कधी पुकारतात, याकडे शिंपीणबाई कान लावून बसल्या होत्या. पण समोरच्या बाकावरची आई काही ऐकू देईना. त्या आईच्या आणि धावण्याच्या प्रशिक्षकाच्या मधे तिची पोर बसली होती, सुजलेली नडगी पुढे करून.

“पळवलं कोणी? तुम्ही! जेवण तोडलं कोणी? तुम्हीच! आणि वर मलाच विचारताय, हाड कसं तडकलं?”

“ताई, लांब पल्ल्याला वजन उतरवावंच लागतं. त्याशिवाय पाय हलके होत नाहीत.”

“मग हिचा वेग का घटला?”

“म्हणून तर फेऱ्या वाढवल्या ना!”

“आणि जेवण?”

“ते... अजून थोडं कमी केलं. मला वाटलं, अंग जड आहे म्हणून मागे पडतेय.”

“अहो, पळून जे झिजतं ते भरून काढायला अंगाला काही नको? आत्ताच डॉक्टर तुमच्या तोंडावर बोलले ना, उपाशी अंगाला सराव लागत नाही, उलट हाडं ठिसूळ होतात म्हणून? पोरीची पाळी बंद पडली, जिना चढताना धाप लागते, आणि तुम्ही रोज वजनकाटा बघत बसलात!”

“आई, हळू बोल ना. सर चिडतील.”

“चिडू देत! तू आधी हे केळं खा. सकाळपासून पोटात काही नाही.”

पोरीने केळं सोललं, तोंडापाशी नेलं आणि तिथंच थांबली.

“सर, अर्धं खाल्लं तर चालेल?”