पलंगाच्या पायथ्याशी नऊ इंच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वास्तुरचना कार्यालयाचे प्रमुख, आदरणीय साहेब. शुश्रूषागृहाचं काम विश्वासाने आमच्यावर सोपवणारे आणि आज वेळात वेळ काढून प्रमुख पाहुणे म्हणून आलेले संचालक महोदय. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. समोर बसलेले माझे सहकारी आणि त्यांच्या घरची मंडळी. आणि मानाने सर्वांच्या आधी, पण रिवाजाने शेवटी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या मापाच्या ताई, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालिकाबाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि 'दोन शब्द गोड बोला' असंही बजावलंय. गोड बोलणं मला काही जड नाही. बारा वर्षं मी आभासी चित्रण विभागात काढली, त्यातली सहा विभागप्रमुख म्हणून, आणि आमचं खातंच गोड दाखवण्याचं. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला की गिऱ्हाईक न बांधलेल्या घरात फिरून येतं, खिडकीतून डोकावतं, भिंतीला हात लावायला जातं आणि आमच्या टेबलावर आपटतं. रिकाम्या जागेसमोर टॅब्लेट धरला की पडद्यावर तिथे तीन मजले उभे राहतात. हे काम मला मनापासून आवडतं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल, गडी नव्या यंत्रांवर खार खाऊन आहे. तसं नाही. माझा राग यंत्रावर नाही.

आणखी एक. पहिल्या रांगेसमोरच्या मोकळ्या जागेत फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली आपण पाहिली असेल. सजावट समजून काही जणांनी तिचं कौतुकही केलं. दाराशी चाकांची खुर्ची आहे, ती कुणा वयस्क पाहुण्यांसाठी असेल असं वाटलं असेल. दोन्हींबद्दल सांगतो, जरा धीर धरा.

ताई एकतीस वर्षांपूर्वी इथे नकाशे तपासायला आल्या. त्यांची एक पद्धत होती. कुठलाही नकाशा बाहेर जाण्याआधी त्यातली एक खोली तळघराच्या फरशीवर पिवळ्या पट्टीने पूर्ण मापात आखायची, इंचाला इंच. मग त्यात खरा पलंग, खरं कपाट आणून ठेवायचं आणि ज्याने नकाशा काढला त्यालाच त्या खोलीत राहायला लावायचं. राहायचं म्हणजे पलंगावर निजून दिवा बंद करायचा, हातात कपडे घेऊन कपाट उघडायचं, न्हाणीघरात जाऊन यायचं. पट्टीवर पाय पडला की ताई शांतपणे म्हणायच्या, "भिंतीतून गेलास." मी पहिल्याच दिवशी अकरा वेळा भिंतीतून गेलो. माझं स्वयंपाकघर असं होतं की फ्रिजचं दार उघडायचं तर माणसाला आधी घराबाहेर जावं लागे. ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला त्या स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हणाल्या, "आता आपल्या दोघांचा चहा कर. दूध फ्रिजमध्ये आहे." आजही नकाशात फ्रिज दिसला की मला घाम फुटतो.

चार वर्षांपूर्वी ते तळघर आमच्या विभागाला मिळालं. गालिचा टाकायचा म्हणून ताईंची पट्टी खरवडून काढली. खरवडणाऱ्यांत मीही होतो. ताईंनी विचारलं, "आणि खोल्या कुठे आखायच्या रे?" मी म्हणालो, "ताई, आता आखायची गरजच नाही. चष्मा घातला की सगळं दिसतं." त्या म्हणाल्या, "दिसतं रे. लागत नाही. भिंत लागली पाहिजे माणसाला." आणि पट्टीचं रीळ घेऊन त्या गच्चीवर गेल्या. उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन एकट्या आखत बसायच्या. आम्ही खाली वातानुकूलित खोलीत हसायचो.

बाई, आपली चिठ्ठी मिळाली. 'वेळ संपत आली' असं लिहिलंय. मला माहीत आहे. ज्या चिठ्ठीबद्दल मला बोलायचंय ती वेगळी आहे, आणि ती माझ्या खिशात आहे.

आमच्या विभागात फर्निचरचं एक फोल्डर आहे. त्याचं नाव 'नेहमीचं'. त्यातला पलंग, सोफा, टेबल, सगळं खऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी लहान आहे. का? विकायची घरं मोठी दिसावीत म्हणून. पलंग लहान केला की खोली आपोआप ऐसपैस वाटते, आणि चष्मा घातलेला माणूस काही खिशातून मोजपट्टी काढत नाही. हे फोल्डर कुणी केलं? मी केलं. साहेबांनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती, ती अजून मला जाणवते. बाजारात सगळेच करतात म्हणे. सगळेच करतात म्हणून खोटं खरं होतं का?

मग शुश्रूषागृहाचं काम आलं. बेचाळीस खोल्या, चाकांच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्या माणसांसाठी. चित्रण करताना मी सवयीने तेच फोल्डर उघडलं. पलंग त्यातला. चाकांची खुर्ची मी नव्याने बनवली आणि बाकीच्या सामानाशी मेळ बसावा म्हणून तीही दहा टक्क्यांनी लहान केली. कुणी सांगितलं नव्हतं. हात सवयीने चालला. दुसऱ्या कुठल्या धंद्यात अशी चूक होणार नाही. ती आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची.

ज्या दिवशी दुपारी सादरीकरण होतं, त्या दिवशी सकाळी ताई गच्चीवरून खाली आल्या. पट्टी आखून, खरी खुर्ची मागवून, स्वतः तीत बसून त्या आल्या होत्या. दोन्ही कोपरं खरचटलेली. मला म्हणाल्या, "खुर्ची वळत नाही रे." मी म्हणालो, "ताई, चष्म्यात वळते की." त्या म्हणाल्या, "चष्म्यात मीसुद्धा पंचविशीची दिसेन. म्हणून कोणी मला पुन्हा स्थळं आणणार आहे का?" आणि त्यांनी एक चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. फाइलला लावायची होती ती.

ती घेऊन मी साहेबांकडे गेलो. साहेब, आपल्याला आठवत असेल. आपण म्हणालात, "आज मंजुरी होऊन जाऊ दे, मग बघू." दुपारी संचालक महोदयांनी चष्मा घातला, चष्म्यातली ती बुटकी खुर्ची गर्रकन फिरली, आपण टाळ्या वाजवल्यात, महोदय, आणि आम्हीही वाजवल्या. ते 'मग' काही आलं नाही. चिठ्ठी फाइलला न लागता माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली. राहिली म्हणतोय मी. ठेवली. मीच ठेवली.

इमारत उभी राहिली. पहिल्या महिन्यातच तक्रारी आल्या म्हणून मला पाहायला पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर एक वयस्क शिंपी राहतात. पलंगापासून न्हाणीघर चार पावलांवर, पण पायथ्याशी खुर्ची अडकते. पलंग सरकवावा तर उशाशी बेलची आणि प्राणवायूची जोडणी भिंतीत पक्की बसवलेली. मग दोन मदतनीस येतात, त्यांना काखेत धरून उचलतात, पलीकडे नेतात, पुन्हा आणतात. दिवसातून पाच-सहा वेळा. दार उघडं ठेवून, कारण दोन मदतनीस आत गेले की दार लागत नाही. मी टेप लावून माप घेत होतो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, मी आयुष्यभर माणसाचं माप घेऊन कापड कापलं. तुम्ही कापड आधी कापलंत, आता माणूस कापायला निघालात." मी हसलो. काय करणार? मग ते सहज म्हणून गेले, "मी आता दुपारनंतर पाणी पीत नाही. कशाला त्या पोरांना त्रास."

मंडळी, एक माणूस तहान मारून बसलाय. का, तर आमच्या चित्रात खोली प्रशस्त दिसावी म्हणून. याला काय म्हणायचं? तांत्रिक त्रुटी? चौकशीच्या अहवालात हाच शब्द आहे. आणि त्याच्या पुढचं वाक्य असं आहे: 'माप तपासणी विभागाने ही बाब वेळेवर निदर्शनास आणली नाही.' माप तपासणी विभाग म्हणजे कोण? विभागात माणूस एकच. ताई. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं आपण म्हणींत ऐकतो. मी ते अहवालाच्या बैठकीत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर होताना पाहिलं. ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "माझी चिठ्ठी फाइलमध्ये नाही?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. मला मात्र दुपारनंतरही पाणी प्यायची मुभा होती.

निमंत्रणपत्रिकेत छापलंय की ताई 'स्वेच्छेने' निवृत्त होत आहेत. निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना? कुणाची ही स्वेच्छा? ताईंचे यजमान समोर बसलेत, त्यांना विचारा, अहवाल आल्यापासून त्या घरात कशा वागतात. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. ते म्हणाले, "हल्ली ही पडदे शिवायलासुद्धा माप घेत नाही. मला म्हणते, तुम्हीच घ्या, माझं चुकतं." एकतीस वर्षांत जिचं माप चुकलं नाही, तिला आम्ही हे शिकवून घरी पाठवतोय. आणि भेट काय देतोय? टेबलावरचं ते रिबीन बांधलेलं खोकं. त्यात चष्मा आहे. त्या चष्म्यात आमच्या सर्व इमारतींचा फेरफटका भरलाय, शुश्रूषागृहासकट. जखमेवर मीठ चोळायचं तर निदान ते भेटवस्तूच्या कागदात तरी गुंडाळू नये.

बाई, दुसरी चिठ्ठीही मिळाली. आवरतोच.

ही ताईंची चिठ्ठी. तारीख सादरीकरणाच्या दिवसाची आहे, वेळसुद्धा घातलीय, सकाळचे सव्वादहा. वाचतो. 'पलंगाच्या पायथ्याशी सव्वाचार फूट. खुर्ची वळायला पाच लागतात. नऊ इंच कमी. मंजुरी घेऊ नये. चित्रातलं सामान मोजून पाहावं.' खाली सही. बस. एकही शब्द जास्तीचा नाही. मी अडीच वर्षं ही घेऊन बसलो.

आता ती पिवळी पट्टी. आज सकाळी आम्ही चौघांनी ती आखली. ही शुश्रूषागृहाची खोली आहे, पूर्ण मापात, इंचाला इंच. निळ्या चादरीचं ते टेबल पलंगाच्या मापाचं आहे, खऱ्या पलंगाच्या. ती रेघ न्हाणीघराची भिंत. साहेब, माझी हात जोडून विनंती आहे, आपण त्या चाकांच्या खुर्चीत बसावं आणि पलंगापासून न्हाणीघरात जाऊन दाखवावं. फार लांब नाही. चार पावलं आहेत.

नको म्हणताय? ठीक आहे.

संचालक महोदय, आपण उठलात. आभारी आहे. हळू, पायऱ्या उतरताना सांभाळून. कुणीतरी खुर्ची धरा. बसा. आता पलंगाच्या कडेने पुढे या. आता वळा.

थांबलात. मागे घ्या थोडी, पुन्हा प्रयत्न करा. नाही, पट्टीवरून जाऊ नका, महोदय, ती भिंत आहे.

हेच ते नऊ इंच. पुढच्या आठवड्यात आपण दुसऱ्या इमारतीला मंजुरी देणार आहात, आणखी चाळीस खोल्या. चित्रण तयार आहे, त्याच फोल्डरमधून. ही चिठ्ठी मी आता आपल्या हातात देतो. अहवालातलं ते वाक्य कुणाच्या नावावर असायला हवं, ते तीत लिहिलेलं नाही, म्हणून मी तोंडी सांगतो: माझ्या आणि साहेबांच्या. ताईंच्या नावावरून ते आजच्या आज खोडलं जावं. उद्या माझा राजीनामा मागितला तर मी देईन, आणि त्यात 'स्वेच्छेने' हा शब्द घालणार नाही.

काय म्हणालात, ताई? जरा मोठ्याने... मागे ऐकू गेलं नाही, सांगतो. ताई म्हणतायत, "न्हाणीघराच्या दाराची पट्टी अर्धा इंच आत लागलीय." बरोबर आहे, ताई. ती मीच लावली. समारंभ संपला की आपण दोघं मिळून ती काढू आणि नीट लावू. मोजपट्टी मात्र तुम्ही धरायची.

हे सभागृह देणाऱ्यांचे, सकाळी गुडघ्यांवर बसून पट्टी चिकटवणाऱ्या माझ्या तीन सहकाऱ्यांचे, आणि त्या खुर्चीत जाऊन बसलेल्या पाहुण्यांचे मी मनापासून आभार मानतो. भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा मागायची रीत आहे. आज बोललो त्याबद्दल मी क्षमा मागत नाही. अडीच वर्षं बोललो नाही, त्याबद्दल मागतो. ताई, मला माफ करा.

नमस्कार.