एकेचाळीस नंबरची प्लेट

(काचसामान धुण्याची खोली. दुपारचे पावणेचार. ओट्यावर टाकाऊ प्लेट्सची बादली.)

मावशी : हसू नकोस. ही प्लेट कुणाची, एवढंच विचारतेय.

मुलगी : असेल कुणाची तरी. बादलीत काय, सगळ्यांच्याच येतात.

मावशी : जंतूच्या नंबराभोवती, या एकेचाळीसच्या भोवती, असा गोल काढणारी या मजल्यावर एकच आहे. बाकीच्यांना आकडे धड लिहायचाही कंटाळा.

मुलगी : बरं, माझी. जुनी आहे ती. उकडून टाका.

मावशी : तारीख कालची आहे. कालची प्लेट आज जुनी झाली होय?

मुलगी : मावशी, चार वाजता आमचा निकाल ऐकायला हॉस्पिटलचे डॉक्टर येणार आहेत. सर वर माझी वाट बघतायत. तुमचं काय ते उद्या बोलू.

मावशी : उद्या काय बोलायचं? उद्यापर्यंत मी ती धुऊन फडताळात ठेवलेली असेल. चोवीस वर्षं या खोलीत तुमची भांडी घासतेय. तुमचे निकाल माझ्याकडे दोनदा येतात. एकदा सर वरच्या हॉलमध्ये माईकवर सांगतात ते, आणि एकदा या बादलीतून. माईकवरचे जास्त सुंदर असतात, एवढं कबूल.

मुलगी : तुम्हाला यातलं सगळं कळत नाही.

मावशी : कुठून कळणार? मी बाटल्या धुणारी. पण प्लेटा मीच ओतते ना? पिवळ्या जेलीत तुमची ती पांढरी पूड घालायची, वर मातीतला जंतू वाढवायचा. जंतूने पूड फोडली की अमोनिया सुटतो, प्लेट गुलाबी होते. मग तुम्ही उड्या मारता, रक्ताच्या कॅन्सरवरचं एन्झाइम सापडलं म्हणून. कॅन्सरच्या पेशीला पुडीतला तो पदार्थ स्वतः करता येत नाही, एन्झाइम तिच्या तोंडचा घास काढून घेतं, ती उपाशी मरते. काही चुकलं का?

मुलगी : नाही.

मावशी : आणि या प्लेटेत पूड नाहीच. तूच म्हणालीस, मावशी, बारा प्लेटा बिनपुडीच्या ओता, ताडून बघायला. मग ही गुलाबी कशी झाली गं? लाजली का?

मुलगी : शेजारच्या प्लेट्सचा अमोनिया लागला असेल. एकाच कपाटात होत्या.

मावशी : बाकीच्या अकरा, दुसऱ्या जंतूंच्या, त्याही त्याच कपाटात होत्या. त्या सगळ्या पिवळ्याधमक. म्हणजे तुझा एकेचाळीस पुडीशिवायही रंग काढतो, एन्झाइम असो नसो. मी एकेक उजेडात धरून बघितली.

मुलगी : तुम्हाला कुणी सांगितलं होतं बघायला?

मावशी : कुणीच नाही. तेच तर. सांगितलेलं काम या इमारतीत सगळे करतात. वर सरांनी पडद्यावर पहिलं चित्र काय लावलंय, बघितलंस? डोंगरातलं तळं. खाली लिहिलंय, 'मानवी स्पर्शापासून दूर'. एकेचाळीसची माती तू कँटीनच्या मोरीमागून उकरलीस. चमचा माझा होता. अजून परत दिला नाहीस.

मुलगी : ते चित्र सरांनी घातलं. मी नाही.

मावशी : आणि प्लेट बादलीत घातली ती?

मुलगी : मी घातली. ऐकायचंच होतं ना तुम्हाला? मी घातली. चार वर्षं झाली, मावशी. नाला, गोठा, नदी, स्मशानामागची माती, कुठे म्हणून हात घालायचा राहिला नाही. एकशे बारा जंतू. एकशे अकरांनी प्लेट ढिम्म पिवळी ठेवली. हा एक गुलाबी झाला. माझी मुदत दोन महिन्यांत संपते, सर ती वाढवणार नाहीत. बाबा गल्लीभर सांगून बसलेत, आमच्या मुलीने कॅन्सरचं औषध शोधलं.

मावशी : मग बाबांनाच पाठव वॉर्डात. पोरांना गुलाबी रंग दाखवून येतील.

मुलगी : तुम्ही इतकं टोचून बोलू शकता? मला वाटलं होतं, हे खरं ठरावं असं इथे सगळ्यात जास्त तुम्हाला वाटत असेल. तुमच्या नातवाला...

मावशी : त्याला मध्ये आणू नकोस.

मुलगी : चुकलं.

मावशी : आणलंसच आता, तर ऐक. बाजारात मिळणाऱ्या याच एन्झाइमच्या दुसऱ्या सुईला त्याचं तोंड असं सुजलं की डोळे दिसेनात. डॉक्टर म्हणाले, याचं अंग हे औषध घेत नाही, दुसऱ्या जंतूपासून केलेलं मागवायला लागेल. ते यायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे मी त्याच्या उशाशी बसायचे आणि मनात म्हणायचे, आमच्या मजल्यावर कपाटभर जंतू वाढतायत, त्यातला एक तरी. आता बरा आहे तो, शाळेत मार खाऊन येतो. पण तेव्हापासून मी तुमच्या सगळ्या प्लेटा बघते. तुला वाटतं, म्हातारी उगाच वाटेत उभी असते.

मुलगी : मी असं कधी म्हटलं नाही.

मावशी : तोंडाने नाही म्हटलंस. तुझ्या एकेचाळीसवर माझा फार जीव होता गं. काल बादलीत हात घातला आणि मला तुझा इतका राग आला की जेवण गेलं नाही.

सर : अरे, इथे काय करतेयस? पाहुणे वेळेआधीच येऊन बसले. चहासुद्धा झाला. मावशी, हिला कशाला अडवलंत?

मावशी : मी कोण अडवणार, सर? भांडी मोजत होते.

सर : चल. बोलताना आत्मविश्वास ठेव. 'प्राथमिक निष्कर्ष अत्यंत आशादायी' हे वाक्य दोनदा यायला हवं. आणि कंट्रोलचं, त्या बिनपुडीच्या प्लेट्सचं, कुणी विचारलंच, तर 'समाधानकारक' म्हणून पुढे जायचं.

मावशी : कुणाचं समाधान, सर?

सर : मावशी, तुमचं काम बादलीपुरतं आहे.

मावशी : बादलीपुरतंच बोलतेय.

मुलगी : सर, एकेचाळीसचा कंट्रोल गुलाबी आला. काल. तुम्हाला सांगितलं नाही. प्लेट टाकून दिली.

सर : टाकलीस ना? मग आता तो विषय कशाला? असल्या बारीकसारीक गोष्टी नंतर बघता येतात. लोक वर बसलेत.

मुलगी : नंतर कोण बघणार, सर?

सर : पाच मिनिटांत वर ये. आणि चेहरा नीट कर.

मावशी : गेले. बुटांचा आवाजसुद्धा माईकवरून आल्यासारखा.

मुलगी : मावशी, ती प्लेट उकडायला टाकली नाहीत ना?

मावशी : नाही. झाकणही उघडलं नाही.

मुलगी : द्या मग. हातात धरूनच वर जाते.