वहिनीची विजेवरची गिरणी

आमचं गाव जळकोटपासनं तासाभराच्या वाटेवर. थोरल्या भावानं आन म्या मिळून तेलाच्या इंजिनावर पिठाची गिरणी टाकली होती. पुढं भाऊ गेला, गिरणी माझ्याकडं राहिली आन रखमावहिनी दोन लेकरं घेऊन दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. तिचा वाटा म्या दिला न्हाय. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढचं बोलताना जीभ अडखळायची न्हाय.

मग गावात विजेचे खांब आले. वहिनीनं पाटल्या मोडल्या, माहेरच्यांनी हातभार लावला, आन तिनं विजेवरची गिरणी घातली. इंजिनाचं हांडेल मारून मारून माझे खांदे उतरायचे, आन तिनं नुसता खटका दाबला की दगड गरगर फिरायचा. काय सांगू तुम्हाला, धडकीच भरली. म्या बायकांना सांगाया लागलो, विजेच्या पिठात करंट उतरतो, लेकरांच्या पोटात मुंग्या येतात. बायका भ्याल्या. वहिनीची गिरणी दिवसदिवस मुकी. तिनं एकदा बी जाब विचारला न्हाय, तेच लई लागायचं.

पुढं माझ्या पोरीचं लगीन निघालं आन ऐन हळदीदिवशी इंजिन बंद पडलं. गव्हाची पोती तशीच. बायको म्हणाली, आता गुमान वहिनीकडं जावा. गेलो. वहिनी म्हणाली, भावजी, करंट चाळून देऊ का तसाच ऱ्हाऊ देऊ? आन हसत हसत समदं दळून दिलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली, पुऱ्यांवर पुऱ्या उठू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, इंजिनाच्या पिठाची चवच न्यारी. वहिनी चुलीपाशी पुऱ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मला ऱ्हावलं न्हाय. पंगतीमधी हात जोडून म्हणलं, हे वहिनीच्या विजेवरचं पीठ हाय, करंटाचं म्या खोटं बोललो, गिऱ्हाईक जाईल म्हणून बोललो.  मग तीच म्हातारी वरडली, मंग वाढ की आणखी दोन करंटाच्या पुऱ्या!

लगीन पार पडलं आन वहिनीच्या दारात डब्यांची रांग लागली. पुढं तिनं मिरची कांडायचं यंत्र आणलं, चार बायका कामाला ठेवल्या, थोरला लेक बिघडलेल्या मोटारी दुरुस्त करायला शिकला. म्या इंजिन विकलं आन आलेले समदे पैसे तिच्या पुढ्यात ठेवले. म्हणाली, एवढ्यावर सुटता व्हय भावजी? उद्यापासनं दगडाला टाकी लावायला या.

तवापासनं छिन्नी-हातोडी घेऊन म्याच तिच्या गिरणीच्या झिजल्या दगडाला खाचा पाडून टाकी लावतो. गाव मला करंटवाला म्हणतं. म्हणू द्या. खटका मातुर वहिनीच दाबती, आन पट्टा फिरू लागला की म्या गिरणीला मनात म्हणतो, माय, अशीच फिरत ऱ्हा.